घुंडी कुठे बसवावी

१४ नोव्हेंबर

पहिली गिटार आज उभी राहिली. उभी म्हणजे कारखान्याच्या भिंतीला टेकून. वाजायची अजून आहे. कारखाना म्हणायचं आपलं. घरामागची पत्र्याची शेड ती. आजवर इथून स्वयंपाकघराची कपाटं बाहेर पडली. आता लोक तयार कपाटं खोक्यांतून आणतात आणि स्वतःच स्क्रू पिळत बसतात, त्यामुळे माझे हात मोकळे झालेत.

गिटारीची कल्पना मेहुण्याची. हिचा धाकटा भाऊ. बँडमध्ये वाजवतो, संध्याकाळी शिकवण्या घेतो. उन्हाळ्यापासून माझ्या मागे लागला होता. "भावोजी, लाकडाचं तुम्ही बघा, सुरांचं मी बघतो. दोघांचं मिळून काहीतरी उभं राहील." मला सुरांतलं ओ की ठो कळत नाही आणि त्याला सागवान आणि प्लायवूड यांतला फरक सांगावा लागतो. म्हणजे जोडी जमली.

हिला विचारलं तर म्हणाली, "करा. त्यालाही बरं पडेल."

त्याला काय बरं पडायचंय? त्याचं तर छान चाललंय. पण बहिणीचा जीव, दुसरं काय.

ही इलेक्ट्रिक गिटार म्हणजे एक भरीव फळी. आवाज बाहेरच्या अँपमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून येतो. फळीच्या तोंडावर पांढरी प्लेट, तिच्यावर आवाज कमी-जास्त करायची एक घुंडी, आवाज धारदार की मऊ ते ठरवायची दुसरी घुंडी, आणि एक खटका. मेहुणा नॉब म्हणतो. मी जन्मभर ड्रॉवरला घुंड्या बसवल्या, माझ्या तोंडी तोच शब्द.

१९ नोव्हेंबर

वाजली. शेजारची मांजर शेडवरून उडी मारून पळाली, एवढी वाजली.

मेहुणा स्टुलावर बसून बराच वेळ वाजवत होता. मी रंधा हातात धरून उगाच उभा. मधेच आवाज पडला, आत कुणी दार लोटून घ्यावं तसा. त्याने घुंडीकडे पाहिलं, फिरवून वर केली, पुन्हा सुरू झाला. पुन्हा पडला.

"घुंडी फार जवळ आली, भावोजी. हात लागतो."

"तूच म्हणालास जवळ बसवा. वाजवता वाजवता करंगळीने फिरवता यायला हवी."

"हो. म्हणालो होतो."

करंगळी ताठ बाहेर काढून वाजवतो हा. उंची कपातून चहा पिणाऱ्या साहेबासारखी. मी म्हटलं, काय राजेशाही थाट आहे. एरवी माझ्या पडेल विनोदांनाही तो हसतो. आज नाही हसला.

असो. प्लेट वेगळी आहे म्हणून बरं. दुसरी कापीन आणि भोकं मागे पाडीन.

२७ नोव्हेंबर

दुसऱ्या प्लेटवर घुंडी दोन बोटं मागे. आता ती त्याच्या हाताला सापडत नाही, आणि तिच्या जागी आलेला खटका हात लागून बसतो. खटका बसला की आवाजाची जातच बदलते. आधी चांदीचा होता, मग गोधडीखालून आल्यासारखा. मला एवढं कळायला लागलं हीच प्रगती.

शिवाय फळीची वरची कड दंडाला रुतते म्हणाला. ही तक्रार मात्र रास्त होती. कपाटाच्या कडेला कुणी हात टेकून तासन्तास बसत नाही, म्हणून माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याला गिटार घेऊन बसवला, हात जिथे पडतो तिथे पेन्सिलीने रेघ मारली आणि दुपारभर कानस चालवली. आधी खडबडीत उतार, मग पॉलिश पेपर, मग नुसता तळवा फिरवून उंचवटे शोधायचे. मागच्या बाजूलाही पोटाला बसेल असा खळगा काढला. संध्याकाळी त्याने हात टेकवला आणि डोळे मिटले. "उशीवर ठेवल्यासारखा वाटतोय."

एवढं सुख मला एका कपाटाने दिलं नव्हतं.

वाद्यांच्या दुकानाच्या मालकाशी मेहुणा बोललाय. फेब्रुवारीत गिटार घेऊन जायचं, मेहुण्याने वाजवून दाखवायची, मालकाला पटली तर तो ठेवून घेईल आणि आणखी मागेल. नाही पटली तर मी शेड भाड्याने देणार, हे हिच्याशी बोलून ठरलंय.

८ डिसेंबर

तिसरी प्लेट. घुंडी खाली, पार कडेला. नाही जमलं.

१५ डिसेंबर

चौथी प्लेट. घुंडी उंचीने बुटकी आणि फिरायला घट्ट. "आता धक्का लागला तरी हलायची नाही," मी म्हटलं. घुंडी हलली नाही, पण करंगळी तिच्यावर आपटते आणि त्याचा ताल चुकतो. मी कोपऱ्यात बसून गिटारीकडे बघत होतो, कुठे काय चुकतंय म्हणून. प्लेट बघितली, फळीची जाडी बघितली, पट्टा किती लांब आहे ते बघितलं. त्याला पट्टा आखूड करून गिटार छातीशी धरायला लावली. मग लांब करून मांडीवर. काही फरक नाही.

काल ही मैत्रिणीबरोबर त्याच्या बँडचा कार्यक्रम ऐकायला गेली होती. आल्यापासून गप्पच. शेवटी म्हणाली, "तो नेहमी शेवटी एकट्याने वाजवतो ना ते, ते दुसऱ्यानेच वाजवलं. हा नुसता मागे उभा राहून साथ देत होता."

"मोठेपणा आहे त्याचा. नवीन लोकांना पुढे करतो."

"अहो, तुम्ही एकदा त्याला नीट विचारा, काय होतंय."

"रोज विचारतो. रोज घुंडी सांगतो."

ती पोळीचा डबा आवरायला उठली. हिला वाटतं मी तिच्या भावाला छळतोय. हिला कोण सांगणार की कोण कुणाला छळतंय.

२२ डिसेंबर

आज डोक्यात जाळ झालाय. शांत झाल्यावर लिहावं म्हटलं होतं, पण लिहिल्याशिवाय शांत होणार नाही.

मेहुण्याची एक विद्यार्थिनी आहे, दातांची डॉक्टर. दवाखाना बंद झाला की त्याच्याकडे शिकायला येते. छान वाजवते. आज तिची शिकवणी आमच्या शेडमध्येच ठेवली होती, मेहुण्याला यायला उशीर होता. मी सहज म्हटलं, बाई, जरा बघता का या गिटारीला हात लावून? चारही प्लेटा एकामागून एक लावून दिल्या. तिने चारही वाजवल्या. एकदाही आवाज पडला नाही, एकदाही खटका बसला नाही.

"सगळ्यात कोणती बरी?"

"पहिली. घुंडी करंगळीखाली आपोआप येते. सरांनीच सुचवली असणार जागा."

सरांनीच सुचवली आणि सरांनीच मला महिनाभर नाचवलं.

माझी खात्री होत चालली आहे की त्याला यातून अंग काढून घ्यायचंय. तोंडाने नाही म्हणता येत नाही, म्हणून गिटारीत खोट काढतो. दुकानदार कदाचित त्याला दुसरं काही देत असेल. हे असं लिहायला बरं वाटत नाही, पण मनात आलंय तर आलंय.

२८ डिसेंबर

दुपारी जेवायला मेहुणा आला होता. ही कौतुकाने वाढत होती. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत बोललो.

"डॉक्टरीणबाईंना चारही प्लेटा चालल्या."

"बरं."

"पहिली सगळ्यात चांगली म्हणाल्या."

"त्यांचा हात हलका आहे, भावोजी. माझी पद्धत वेगळी. पाचवी प्लेट करून बघू. घुंडी जरा—"

"घुंडी, घुंडी, घुंडी. घुंडीत काही खोट नाही. तुझ्या करंगळीतच खोट आहे."

चिडून बोललो, पण अर्धं चेष्टेतच. मेहुण्याची चेष्टा करायची नाही तर कुणाची करायची? त्याने हातातला चमचा खाली ठेवला. हळूच, आवाज होऊ न देता. मग म्हणाला, "ताई, मी निघतो," आणि ताटावरून उठला. पंचवीस वर्षांत हा माणूस आमच्या घरातून उपाशी गेला नव्हता.

हिने त्याचं ताट झाकून ठेवलं. मला एक शब्द बोलली नाही. मीही काही कमी नाही, मीही नाही बोललो.

३ जानेवारी

फोन उचलत नाही. एवढा अभिमान? लहान आहे माझ्याहून.

दातांच्या डॉक्टरचा फोन आला होता. सरांनी शिकवण्या महिनाभरासाठी बंद केल्यात, गिटार तयार झाली का, असं विचारत होती. शिकवण्या कशाला बंद ठेवल्या ते तिलाही माहीत नाही.

ही परवापासून त्याच्या लहानपणीच्या गोष्टी सांगते आहे. मला नाही, आपल्याशीच. पाचवीत असताना शेजाऱ्याच्या गिटारीला हात लावायला मिळावा म्हणून त्यांच्या बागेला पाणी घालायचा म्हणे.

६ जानेवारी

आज गेलो त्याच्याकडे. हिने डबा दिला होता; डबा द्यायला गेलो असं दाखवता येईल म्हणून.

त्याच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन पलंगावर आलेलं. हा पलंगाच्या कडेला बसून वाजवत होता. त्याने करंगळी शेजारच्या बोटाला पांढऱ्या चिकटपट्टीने बांधली होती. बांधूनही ती सुटायला बघत होती. हात थांबला की सरळ, निमूट. हात तारांवर आला की ताठ, बाहेर, जणू दुसऱ्याच कुणाची. मी महिनाभर हे बघत होतो. राजेशाही थाट.

मला पाहून त्याने हात मागे नाही घेतला. "बसा, भावोजी."

मी बसलो. डबा मांडीवरच राहिला.

"उन्हाळ्यात सुरू झालं," तो म्हणाला. "आधी कधीतरी व्हायचं. मग रोज. जास्त सराव केला तर जास्त."

"दुखतं?"

"दुखत नाही हो. दुखलं असतं तर बरं. दुखलं की माणूस डॉक्टरकडे जातो."

"मग घुंडीचं का सांगत बसलास?"

तो चिकटपट्टी सोलत होता. पूर्ण सोलून गोळी केली, मग बोलला. "गिटारीत चूक असली तर तुम्ही दुरुस्त कराल असं वाटायचं. प्रत्येक प्लेटच्या वेळी वाटायचं, आता जमेल. खोटं नाही सांगत, खरंच वाटायचं."

त्या दिवशी मी काय बोललो होतो ते त्याला आठवत होतं आणि मलाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तुम्ही एकटेच खरं बोललात." मी डबा उघडला. दोघांनी त्यातलंच खाल्लं.

घरी येऊन हिला सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मला वाटलंच होतं," म्हणाली, आणि मग रडली. वाटलं होतं तर बोलली का नाही, हे विचारावंसं वाटलं. मग आठवलं, तिने मला दोनदा सांगितलं होतं.

१६ जानेवारी

नसांच्या डॉक्टरकडे तिघेही गेलो. आत मेहुणा आणि ही, मी बाहेर गिटार धरून बसलो. मग मलाही आत बोलावलं, कारण डॉक्टरांना त्याला वाजवताना बघायचं होतं.

मला समजलं ते असं. हाताला काही झालेलं नाही. शर्टाची बटणं लावताना, लिहिताना हीच करंगळी शहाणी. मेंदूत प्रत्येक बोटाची आपली जागा असते. वर्षानुवर्षं तेच बारीक काम करून त्या जागा एकमेकींत मिसळल्यात. वाजवायला घेतलं की नको ते बोट उठतं.

"बरं होईल ना?" हिने विचारलं.

डॉक्टर सरळ माणूस. "काहींचं बरंच सुधारतं. काहींचं नाही. पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही. अगदी हळू, मी सांगेन तेवढाच वेळ, नव्याने शिकावं लागेल. आणि जोर लावून सराव बंद."

उठता उठता ते म्हणाले की उठणाऱ्या बोटाला कशाचा तरी स्पर्श दिला तर काहींचं बोट निवतं. ही पावती घेत होती, मेहुणा भिंतीकडे बघत होता. मी मात्र "कशाचा स्पर्श? लाकडाचा चालेल?" असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, करून बघा.

परतीच्या वाटेवर मेहुणा मागच्या सीटवर बसून एकदाच बोलला. "शिकवता तर येईल." कुणाला सांगत होता माहीत नाही. ही म्हणाली, "येईल ना."

२५ जानेवारी

नवी फळी घेतली. या वेळी प्लेटपासून सुरुवात नाही केली. मेहुण्याला नुसती कोरी फळी मांडीवर दिली आणि म्हटलं, वाजवल्यासारखं कर. तारा नाहीत, आवाज नाही, काही नाही. मी समोर बसून हात बघितला. करंगळी कुठे जाते, किती उंच उठते, मनगट कुठे वळतं. त्याला आधी अवघडल्यासारखं झालं. "असं काय बघताय, मुलगी दाखवायला आणल्यासारखं?" म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडून विनोद ऐकला.

करंगळी दर वेळी एकाच जागी जाते. तिथे बोटभर लाकडी पट्टी बसवायची, पालथ्या चमच्यासारखी गोलसर. तिला जायचंच असेल तर तिथे जाऊन पडू दे.

आणि तोंडावर घुंडी नकोच. आवाजाची चकती वरच्या कडेला, अर्धी लाकडात बुडवलेली, अंगठा सहज वर गेला की फिरेल अशी. खटकाही तिथेच. वायरीचं सॉकेट मागच्या टोकाला, म्हणजे बसल्यावर वायर मांडीखाली येणार नाही.

"दुकानदाराला ही न्यायची?" त्याने विचारलं.

"दुकानदाराला पहिली, पहिल्याच प्लेटसकट. ही तुझी."

७ फेब्रुवारी

तुझी गिटार म्हणून दिलेली वस्तू माणूस कशी हातात घेतो ते आज बघितलं. हिलाही हाक मारून बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत आली.

पट्टी तीनदा सरकवावी लागली. दुसऱ्यांदा फार पुढे, मग जरा तिरकी. शेवटी करंगळी तिच्यावर पडली आणि तिथेच राहिली. पूर्ण निवली नाही, पट्टीवर थरथरत होती, अधूनमधून उठतही होती. पण उठून आपटायला तिथे काही नव्हतं. तो अगदी हळू वाजवत होता, लहान मूल अक्षरं गिरवतं तसं. डॉक्टरांनी दिलेला वेळ संपला तसा स्वतःच थांबला.

"कसं?" मी विचारलं.

"पूर्वीच्या निम्मंही नाही."

"मग परत काढू का पट्टी?"

"हात नका लावू," तो म्हणाला आणि गिटार स्वतःच जागेवर ठेवली.

१८ फेब्रुवारी

दुकानात गेलो. मी, मेहुणा, दातांची डॉक्टर आणि दोन्ही गिटारी. दुसरी कशाला घेतली ते मला माहीत नाही. तो गाडीत ठेवताना मी काही बोललो नाही.

दुकानदार पोट सुटलेला, बोलायला गोड. पहिली गिटार उलटी-पालटी करून बघितली, कडांवरून अंगठा फिरवला. मग मेहुण्यापुढे धरली. "वाजवा की."

हा म्हणाला, "माझा हात बरा नाही. करंगळी ऐकत नाही. या वाजवतील." एवढंच, आणि आवाज अगदी नेहमीचा. दातांच्या डॉक्टरला आजवर माहीत नव्हतं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, गिटार घेतली आणि वाजवायला लागली.

ती वाजवत असताना मेहुणा सांगत होता. घुंडी इथे का, आणखी जवळ का नाही, झपाझप वाजवणाऱ्याला ती कुठे अडेल, उभं राहून वाजवणाऱ्याला कड कुठे टोचते. दुकानदार गिटारीपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होता. दुकानात आलेला एक गृहस्थ तर आपली गिटार पिशवीतून काढून विचारायला लागला, माझं मनगट दुखतं, काय करू? मेहुण्याने त्याला स्टुलावर बसवलं आणि पाऊण तास सोडलं नाही.

पहिली ठेवून घेतली. आणखी तीन मागितल्या. मला जास्तीची अपेक्षा होती, पण तीन म्हणजे काही कमी नाही. शनिवारी मेहुण्याने दुकानात येऊन बसावं, गिऱ्हाइकांना जरा सांगावं, असंही म्हणाला. तोंडावर घुंडी नसलेली गिटार बघून म्हणाला, "ही कोण घेणार?"

"ती विकायची नाही," मेहुणा म्हणाला.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, तुला हे बोलण्याचं काम चांगलं जमतं, आधी कधी सुचलं नाही? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "उन्हाळ्यापासून तेच तर सुचवतोय." मला वाटतं तो गिटारी करायच्या त्या कल्पनेबद्दल बोलत होता.

२ मार्च

आज त्याला बँडला सांगायचं होतं. सराव एका बंद गोदामात असतो. अँप उचलायला म्हणून मी बरोबर गेलो. खरं म्हणजे हिने पाठवलं.

सगळे जमले. मेहुणा मधे उभा राहिला, गिटार न काढता. "मला दोन मिनिटं बोलायचंय."

ड्रमवाला, केसांची शेंडी बांधलेला तगडा गडी, झांज घट्ट करत होता. मान वर न करता म्हणाला, "करंगळीचं ना?"

मेहुण्याने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तुला कसं माहीत?"

"तुझा अँप माझ्या डाव्या हाताशी असतो. तुझा आवाज बसला की मी वाढवतो. मग तू आपली घुंडी वर करतोस, की परत कमी करतो. मधल्या एका कार्यक्रमात तर माझा डावा हात ड्रमवर कमी आणि तुझ्या अँपवर जास्त होता."

"बोलला का नाहीस?"

"तू बोलत नव्हतास. म्हटलं, बोलशील."

मेहुणा खोक्यावर बसला. चेहरा हातांत घेतला होता. हसत होता की दुसरं काही, मला दिसलं नाही. कुणी जवळ गेलं नाही आणि कुणी लांबही गेलं नाही. थोड्या वेळाने गाणारी म्हणाली की जलद गाणी दुसऱ्या गिटारवाल्याला देऊ, संथ सगळी याच्याकडे ठेवू, नाहीतरी तिला संथच जास्त आवडतात. डॉक्टरांनी दिलेला वेळ तिने भिंतीवर खडूने लिहिला. त्याने बिनघुंडीची गिटार बाहेर काढली, सगळ्यांनी हाताळली, आणि मग वाजवायला बसले. दोन गाणी झाली. दुसऱ्यात एकदा अडखळला. सगळे थांबले, पुन्हा सुरू केलं.

निघताना ड्रमवाल्याने मला कोपऱ्यात गाठलं. "काका, या माझ्या स्टुलाचं काही करता येईल का? तासभर बसलो की कंबर धरते."

मी अँप खाली ठेवला.

"बस," म्हटलं. "वाजव. आधी बघू दे, तू कसा बसतोस ते."